वॉकीटॉकी आणि मोबाइल : बदल नव्हे, जोड

दिल्लीतील मंडी हाऊस चौकापासून कोपर्निकस मार्ग इंडिया गेटच्या दिशेने जातो. जुने महाराष्ट्र सदन आणि दूरदर्शन भवन याच मार्गावर आहेत. चौकाखाली मेट्रोचे भुयारी स्थानक आहे. प्रजासत्ताकदिनी या परिसरात गर्दी लोटते, तेव्हा बंदोबस्ताचा पोलीस, अग्निशामक जवान आणि रुग्णवाहिकेचा चालक यांना परस्परांशी क्षणात बोलता आले पाहिजे. ते कोणत्या साधनाने बोलावेत, हा प्रश्न केवळ यंत्रज्ञांचा नाही. त्यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात.

वॉकीटॉकीची कळ दाबली की बोलणाऱ्याचा आवाज रेडिओलहरींवर आरूढ होतो आणि त्याच कंपनसंख्येवर लावलेल्या सर्व यंत्रांत एकदम ऐकू येतो. क्रमांक फिरवावा लागत नाही आणि थोड्या अंतरावर मनोऱ्याचीही गरज नसते. तथापि डोंगर, उंच इमारती आणि भुयारे या लहरींना अडवितात. मोबाइलवरील ‘दाबा आणि बोला’ सेवेत आवाजाचे अंकरूप तुकडे होतात. ते मनोऱ्यामार्फत मध्यवर्ती संगणकाकडे जातात आणि तेथून गटातील सर्वांना वाटले जातात. त्यामुळे दिल्लीतील अधिकारी गडचिरोलीतील पथकाशी बोलू शकतो. नकाशा व छायाचित्रही पाठविता येते. आणीबाणीच्या कामासाठी या सेवेचे आंतरराष्ट्रीय मानक २०१६ साली सिद्ध झाले. परंतु मनोरा, वीज आणि तारा यांपैकी एक जरी निकामी झाले, तरी हा मार्ग बंद पडतो.

महाराष्ट्राला याचा अनुभव आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईच्या अनेक भागांत दूरध्वनी आणि मोबाइल मुके झाले. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण बुडाले, तेव्हाही वीज आणि मोबाइलसेवा कोलमडली. अशा वेळी एका होडीतून दुसऱ्या होडीशी बोलण्यास वॉकीटॉकीच उपयोगी पडते. पण सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या चिपळूणहून रत्नागिरीच्या जिल्हा कार्यालयापर्यंत एकट्या हातयंत्राचा आवाज पोचत नाही, हेही तितकेच खरे.

दोन व्यवस्था पोसण्यापेक्षा जुनी मोडीत काढावी, असे काहींचे म्हणणे असते. खर्चाची ही चिंता अवास्तव नाही. परंतु ब्रिटनने आणीबाणी सेवांची रेडिओव्यवस्था बदलून मोबाइलव्यवस्था आणण्याचे काम २०१५ साली हाती घेतले, आणि त्यानंतरच्या दशकातही जुनी व्यवस्था चालूच ठेवावी लागली. यावरून एवढा बोध घ्यावा की, नव्याची खात्री पटेपर्यंत जुने हातचे सोडू नये.

म्हणून दोहोंची सांधणी करणारे जोडयंत्र बसविणे हाच शहाणपणाचा मार्ग होय. मात्र त्याला काही अटी हव्यात. पहिली, जोडयंत्र बंद पडले तरी हातयंत्रे परस्परांशी पूर्वीप्रमाणे बोलू शकली पाहिजेत. दुसरी, रेडिओच्या एका मार्गावर एका वेळी एकालाच बोलता येते. त्या मार्गाला शंभर मोबाइल जोडले तर खुद्द होडीतील जवानालाच बोलण्याची पाळी मिळणार नाही. तेव्हा कोणत्या गटाला कोठे जोडावयाचे, हे आधी ठरले पाहिजे. तिसरी, गर्दीच्या वेळी मोबाइलच्या जाळ्यात बचावपथकांना अग्रक्रम मिळाला पाहिजे. चौथी, गुप्त संदेशाची सांकेतिक भाषा जोडयंत्रापाशी उलगडली जात असेल, तर त्या जागेचा पहारा कडक हवा.

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१८ साली सार्वजनिक सुरक्षा व आपत्तिनिवारणासाठी नव्या संदेशव्यवस्थेच्या शिफारशी केल्या आहेत. पण केवळ यंत्रे आणून भागत नाही. वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, मोबाइलसेवा मुद्दाम बंद ठेवून प्रत्येक पथकाने तालीम करावी. त्या तालमीत पथकाचे बोलणे खुंटले, तर सांधणी अपुरी आहे असे समजावे. आणि ती उणीव पूर येण्याआधी कळलेली बरी.