जंबुरा कोणता?

गेल्या चातुर्मासांत आमचे घरीं रात्रीं जेवणें आटोपल्यावर सभासदाची बखर वाचण्याचा परिपाठ ठेविला होता. वाचतां वाचतां साल्हेरच्या युद्धाचा प्रसंग आला. साल्हेर म्हणजे आम्हां सुरगाणेकरांना शेजारच्या बागलाणांतला किल्ला; मंडळी सरसावून बसली. इ. स. १६७२ च्या त्या रणांत सूर्यराव काकडे जंबुऱ्याचा गोळा लागून पडले, येथपर्यंत वाचन झालें, तोंच धाकटा नातू म्हणाला, “आजोबा, जंबुऱ्यानें तर सुतार खिळे उपटतो. त्याचा गोळा कसा लागेल?” सगळे हंसले. सूनबाई मात्र हळूच म्हणाल्या, “मामंजी, आम्हांला तरी कोठें ठाऊक आहे?”

वाचकहो, तीस वर्षें हा प्रसंग मीं वर्गांत शिकविला. जंबुरा म्हणजे काय, हें एकाही मुलास सांगितलें नाहीं. कोणीं विचारलें नाहीं ही सबब झाली. खरें कारण, मलाच तें नीट ठाऊक नव्हतें.

दुसरे दिवशीं पुस्तकें काढलीं. फारसींत जंबूर म्हणजे गांधीलमाशी. उंटाच्या खोगिरावर फिरत्या खुंटावर बसविलेली लहान तोफ ती जंबुरा. मोठ्या तोफा बैल ओढीत मागाहून येत. ही घोडदळाच्या बरोबरीनें चाले. एवढें कळल्यावर सूर्यरावांचा मृत्यु डोळ्यांपुढें उभा राहतो.

शस्त्रांची नांवें म्हटलीं कीं आम्हां संस्कृत पढलेल्यांस अमरकोशाचा क्षत्रियवर्ग आठवतो. खड्ग, करवाल, कृपाण, हवीं तितकीं नांवें. पण तोफेला अमरसिंहाजवळ नांव कोठून असणार? ती उणीव शिवाजीमहाराजांच्या आज्ञेनें रघुनाथपंडितांनीं राज्यव्यवहारकोशांत भरून काढली. त्यांत स्वतंत्र शस्त्रवर्गच आहे. फारसी शब्दास संस्कृत प्रतिशब्द दिला आहे. शस्त्र हातीं असतांना केलेला हा कोश, म्हणून मला तो फार मोलाचा वाटतो.

उलट प्रकार एगर्टनसाहेबाच्या ग्रंथाचा. लंडनच्या इंडिया म्युझियममधील हिंदी शस्त्रांची ही सचित्र यादी १८८० सालीं निघाली. इंग्रजी मुलखांत हत्यारांचा कायदा झाला १८७८ सालीं. घरचीं हत्यारें परवान्याखालीं गेलीं आणि दोनच वर्षांनीं तिकडे यादी छापून तयार! तथापि चित्रें उत्तम आहेत; पट्ट्याची मूठ कोपरापर्यंत हात कशी झांकते, हें वर्णनानें कळत नाहीं, चित्रानें कळतें. राग बाजूस ठेवून तें पुस्तक पाहावें. सुरेंद्रनाथ सेन यांचा मराठ्यांच्या लष्करी पद्धतीवरील १९२८ चा इंग्रजी ग्रंथ कॉलेजांतल्या मुलांस द्यावा. त्यांत हत्यारांहून फौजेच्या व्यवस्थेचा, पगाराचा, किल्ल्यांचा विचार अधिक आहे.

त्या रात्रीं बखर पुनः त्याच पानापासून वाचली. नातवानें वहींत उंट काढला, पाठीवर तोफ काढली आणि गोलंदाजाच्या कमरेस सुताराचा जंबुराही खोंवला. हा कशाला, म्हणून विचारलें, तर म्हणाला, “तोफ बिघडली तर?”