गरी, पाणी आणि काळा चष्मा

गोमंतकात नदीकाठी वाढलेल्या माणसाला मासे पकडणे वेगळे शिकवावे लागत नाही. मांडवी, झुआरी, शापोरा, साळ या नद्यांच्या तीरांवर, पुलांखालच्या खडकांवर, खाजनांतील मानशींच्या आसपास सुटीच्या दिवशी गरी घेऊन बसलेली मंडळी कोणीही पाहावीत. त्यांत शिक्षक असतात, बँकेतील कर्मचारी असतात आणि आपल्या व्यवसायातील सन्मित्रही असतात. या छंदी मंडळींच्या सामानात काठी, तंगूस आणि आमिषाचा डबा यांच्या जोडीला अलीकडे पोलराइज्ड गॉगलची भर पडली आहे. नेत्रवैद्य असल्याने मला त्याविषयी वारंवार विचारणा होते. ‘त्यातून पाण्यातला मासा दिसतो म्हणतात, ते खरे का? आणि कोणता घ्यावा?’

पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. दुसऱ्याचे उत्तर मात्र एका वाक्यात संपत नाही. माझे स्पष्ट मत असे, की हा गॉगल निवडताना ‘मासा कसा दिसेल’ या प्रश्नाला आपण पहिले स्थान देतो आणि ‘डोळा कसा टिकेल’ हा प्रश्न विचारायचाच राहून जातो. त्याहून खेदाची गोष्ट ही, की ज्यांना या गॉगलची खरी गरज आहे, ते तो कधी मागतच नाहीत.

प्रथम मासा दिसण्याविषयी. १८०८ साली एटिएन लुई मालुस या फ्रेंच अभियंत्याने पॅरिसमधील लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश एका स्फटिकातून पाहिला. स्फटिक फिरवताच प्रकाशाची तीव्रता बदलते, हे त्याच्या ध्यानी आले. परावर्तनामुळे प्रकाशाचे ध्रुवण होते, म्हणजे त्याची कंपने मुख्यतः एकाच दिशेत होऊ लागतात, असा त्याचा अर्थ होता. १८१५ मध्ये डेव्हिड ब्रूस्टर याने कोणत्या कोनात हे ध्रुवण पूर्णत्वास जाते, याचा नियम मांडला. १९२९ मध्ये एडविन लँड याने ध्रुवण करणारा पातळ पडदा तयार केला आणि हे ज्ञान प्रयोगशाळेतून चष्म्याच्या दुकानापर्यंत पोहोचण्याची वाट मोकळी झाली. पाण्यावरून परावर्तित होणाऱ्या झगमगाटाची कंपने प्रामुख्याने आडवी असतात. गॉगलमधील पडदा नेमकी ती अडवतो. पाण्याच्या आतून येणारा प्रकाश मात्र बराचसा आपल्यापर्यंत पोहोचतो. त्यामुळे खडकाच्या सावलीत थांबलेला चोणक किंवा उथळ पाण्यातील शेवट्यांचा थवा एकाएकी दृष्टीस पडतो.

या सामर्थ्याला मर्यादा आहेत. आपली दृष्टिरेषा पाण्याच्या पृष्ठभागाशी सुमारे ३७ अंशांचा कोन करते, तेव्हा हा पडदा सर्वांत प्रभावी ठरतो. डोळा पाण्यापासून दोन मीटर उंचीवर असेल, तर ही जागा आपल्यापासून अडीच-पावणेतीन मीटरवर येते. होडीच्या कडेवरून सरळ खाली पाहिल्यास त्याचा उपयोग नगण्य असतो. पावसाळ्यातील गढूळ पाण्याचा तळ तो दाखवू शकत नाही, आणि पाण्यातील मासा असतो त्यापेक्षा वर भासतो, हा दृष्टिभ्रमही तो दूर करीत नाही.

आता मूळ मुद्दा. झगमगाट कमी होणे आणि अतिनील किरणांपासून रक्षण होणे या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत. ‘पोलराइज्ड’ हा शब्द पहिल्या गोष्टीची ग्वाही देतो, दुसरीची नव्हे. काचेचा काळेपणा तर कशाचीच ग्वाही देत नाही. उलट गडद काचेमागे बाहुली विस्फारते. त्या काचेत अतिनील किरण अडवण्याची व्यवस्था नसेल, तर डोळ्याचे आकसण्याचे स्वाभाविक संरक्षणही आपण गमावून बसतो. म्हणून ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडवल्याची, म्हणजे ‘यूव्ही ४००’ ही नोंद आधी पाहावी आणि पोलराइज्डची चिठ्ठी नंतर. ही नोंद केवळ कागदी नाही ना, याची खातरजमा चष्म्याच्या चांगल्या दुकानातील लहानशा मापकयंत्रावर क्षणभरात होते. किंमत हा येथे भरवशाचा निकष नाही. स्वस्त पॉलिकार्बोनेटची भिंगेही अतिनील किरण उत्तम अडवतात. महागड्या गॉगलचे मोल अनेकदा नावाचे असते.

या आग्रहामागे आधार आहे. अमेरिकेतील चेसापीक उपसागरात खेकडे आणि कालवे काढून उपजीविका करणाऱ्या ८३८ जणांचा अभ्यास ह्यू टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केला. आयुष्यभरात डोळ्यांवर पडलेल्या अतिनील-बी किरणांची मात्रा दुप्पट झाली, की कॉर्टिकल मोतीबिंदूचा धोका १.६ पट होतो, असे त्यात आढळले. न्यूक्लिअर मोतीबिंदूशी मात्र असा संबंध दिसला नाही. ही माणसे आपल्यापेक्षा कितीतरी उत्तरेकडच्या, सौम्य उन्हाच्या प्रदेशातील होती. गोमंतकात मार्च ते मे या महिन्यांत निरभ्र दुपारी अतिनील निर्देशांक ११ च्या वर जातो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीतील ती शेवटची, म्हणजे अत्यंत तीव्र पायरी आहे.

दुसरा विकार डोळ्यात मांस वाढण्याचा, अर्थात टेरिजियमचा. तो बहुधा नाकाच्या बाजूनेच का वाढतो, याचे स्पष्टीकरण ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ मिनास कोरोनिओ यांनी दिले : कानशिलाच्या बाजूने येणारे किरण पारपटलातून वळून नाकाकडील कडेवर एकवटतात. यातून निवडीचा एक मौलिक नियम निघतो. समोरची काच कितीही उत्तम असली, तरी बाजू उघड्या असतील तर रक्षण अपुरेच. गॉगल कानशिलापर्यंत वळलेला, चेहऱ्यालगत बसणारा असावा आणि त्यावर रुंद काठाची टोपी असावी. केवळ पाण्यावरून परावर्तित होणारे अतिनील किरण दहा टक्क्यांहूनही कमी असतात. फेसावरून सुमारे २५ टक्के, वाळूवरून सुमारे १५ टक्के. उरलेला भार आकाशातून येतो आणि तो टोपीनेच अडतो.

काळेपणाची प्रमाणित वर्गवारी ० ते ४ अशी आहे. आपल्या उन्हाला तिसरा वर्ग योग्य. त्यातून ८ ते १८ टक्के दृश्य प्रकाश आत येतो. चौथा वर्ग इतका गडद असतो, की तो लावून वाहन चालवणे धोक्याचे. भर समुद्रात राखाडी रंग उत्तम, कारण त्यातून रंगांत फरक पडत नाही. नदीच्या हिरवट, उथळ पाण्यात तपकिरी किंवा तांबूस काच बरी, कारण तीतून मासा आणि तळ यांतील भेद ठळक होतो. पिवळी काच अंधूक पहाटेपुरती ठीक, दुपारी नव्हे. भिंग काचेऐवजी पॉलिकार्बोनेटचे असावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. अडकलेली गरी ओढताना तंगूस सुटला, तर काटा आणि शिसे गोळीसारखे तोंडावर येतात. अशा वेळी मजबूत भिंग हीच डोळ्याची ढाल. चाळिशी लागलेल्यांनी खालच्या भागात जवळचा नंबर घालून घ्यावा, अन्यथा काट्याला गाठ मारण्यासाठी गॉगल दर वेळी काढावा लागतो. घरी आल्यावर भिंगे आधी गोड्या पाण्याने धुवावीत, मग पुसावीत. मिठाचे कण कोरड्या फडक्याने घासले, की ओरखडे ठरलेलेच.

पोलराइज्ड असल्याची परीक्षा दुकानातच होते. असे दोन गॉगल एकमेकांसमोर धरून एक काटकोनात फिरवावा. दोन्ही खरे असतील, तर पलीकडचा प्रकाश जवळजवळ नाहीसा होतो.

हे सारे छंदी मंडळींसाठी झाले. पण पहाटे पाग टाकायला जाणारा पागी, मालीम, कुटबण, शापोरा येथील धक्क्यांवरून निघणारे खलाशी आणि ओहोटीला कमरेइतक्या पाण्यात वाकून तिसऱ्या काढणाऱ्या बाया यांना कोण सांगणार? त्यांच्या लेखी गॉगल ही पर्यटकांची छानछोकी आहे. तशी समजूत होण्यात आपल्या मौनाचाही वाटा आहे, असे मला वाटते. आपण मोतीबिंदूची शिबिरे भरवतो, टेरिजियम काढतो, ते पुन्हा वाढू नये म्हणून रुग्णाच्याच नेत्रश्लेष्मलेचे रोपण करतो. आणि तोच रुग्ण आठवड्याभरात उघड्या डोळ्यांनी पुन्हा उन्हात जातो. त्याच्या चिठ्ठीवर थेंबांची, मलमाची नावे असतात, गॉगल आणि टोपी यांचे नाव नसते.

गरिबांना हे परवडणार नाही, असा आक्षेप येईल. म्हणूनच मी दोन गुणांची गल्लत करू नये म्हणतो. ध्रुवणाचा पडदा ही सोय आहे आणि तिला जास्त पैसे पडतात. अतिनील किरणांपासून रक्षण ही गरज आहे आणि ती थोडक्या पैशांत भागते. पैसे मोजकेच असतील, तर साधा पण कानशिलापर्यंत वळलेला, यूव्ही ४०० गॉगल आणि टोपी घ्यावी. पोलराइज्डचा विचार नंतर. चाळिशीचे चष्मे आपण शिबिरांतून विनामूल्य वाटतोच, त्यांच्या जोडीला हे ठेवणे अशक्य नाही.

त्यासाठी मुहूर्तही आयता आहे. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारीबंदी असते. जुलैअखेरीस खलाशी धक्क्यांवर परतू लागतात, जाळी दुरुस्त होतात, बोटींना रंग दिला जातो. त्या आठवड्यात आपल्यापैकी चार-दोन जणांनी मापकयंत्र, दृष्टितक्ता आणि गॉगलांची एक पेटी घेऊन धक्क्यावर बसावे. जमलेल्यांच्या डोळ्यांची तपासणी करावी, कोणाकडे आधीच गॉगल असेल तर तो यंत्रावर लावून दाखवावा आणि चिठ्ठीवर औषधाच्या बरोबरीने स्पष्ट अक्षरांत लिहावे : गॉगल, यूव्ही ४००, सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत. आपण चिठ्ठीवर लिहिलेले रुग्ण सहसा औषध म्हणूनच घेतो. बोटी १ ऑगस्टला समुद्रात जातील, तेव्हा निदान काही डोळे तरी झाकलेले असतील.