पाणी झाले म्हणून मेलानोमाच्या रुग्णाला घरी पाठवू नका

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य



मेलानोमा हा कर्करोग पसरून छातीत किंवा पोटात पाणी साचू लागले, की 'आता घरी न्या' असे ऐकायला मिळते. तसे सांगण्याआधी त्या पाण्याची पुरती तपासणी झालीच पाहिजे, ही आमची पहिली मागणी. दम लागलेल्या माणसाच्या पाठीतून सुईने लिटर-दीड लिटर पाणी काढतात, कधी ते शाईसारखे काळपट असते. ते ओतून देऊ नका. त्यातल्या पेशी एकत्र करून तपासणीसाठी त्यांचा घट्ट ठोकळा (सेल ब्लॉक) केला, तर निदान पक्के होते आणि पेशी पुरेशा असल्यास ब्राफ, किट या जनुकांमधले दोषही तपासता येतात. ब्राफचा दोष निघाला, तर गोळ्यांनी काही आठवड्यांतच उतार पडू शकतो. जिल्हा रुग्णालयातून हा नमुना मोठ्या प्रयोगशाळेत मोफत जावा.

नवी औषधे येण्याआधी, म्हणजे २०११पूर्वी, पसरलेल्या मेलानोमाचे निम्म्याहून अधिक रुग्ण वर्षभरही काढत नसत. इपिलिमुमॅब आणि निवोलुमॅब ही इम्युनोथेरपीची औषधे एकत्र दिलेल्यांपैकी ४३ टक्के रुग्ण दहा वर्षांनंतरही हयात असल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. हे आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू नाहीत. आपल्याकडे तळपायाचा, नखाखालचा, गुदमार्गातला मेलानोमा तुलनेने अधिक, आणि तो या औषधांना कमी दाद देतो; पाणी झालेल्यांची प्रकृतीही खालावलेली असते. सगळे वाचतील असे आम्ही म्हणत नाही. पण ज्याला गुण येऊ शकतो, त्याला निव्वळ पैशाअभावी औषध मिळू नये, हे आम्हाला मान्य नाही.

महात्मा फुले योजनेतील ५ लाखांत वर्षभराची इम्युनोथेरपी पूर्ण मात्रेने बसत नाही. मेलानोमासाठी ही मर्यादा वाढवा आणि औषधांची खरेदी एकत्रित करा. टाटा रुग्णालयाने डोके-मानेच्या कर्करोगात निवोलुमॅबची जेमतेम २० मिलिग्रॅमची मात्रा दर तीन आठवड्यांनी केमोथेरपीसोबत दिली; वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६ वरून ४३ टक्क्यांवर गेले. मेलानोमात असे घडेल हे गृहीत धरता येत नाही, म्हणूनच राज्याच्या निधीतून मेलानोमात या कमी मात्रेची चाचणी व्हावी.

औषध लागू पडो वा न पडो, दम आणि पोटाचा ताण कमी करणे आजही शक्य आहे. गडचिरोलीच्या रुग्णाला दर वेळी पाणी काढायला नागपूर गाठावे लागू नये. पाणी काढण्याची पिगटेल नळी, घरी वापरता येणारा कॅथेटर, पुन्हा पाणी साचू नये म्हणून छातीत टाल्क सोडण्याची सोय आणि मॉर्फिन प्रत्येक जिल्हा रुग्णालयात हवे. नळी कशी हाताळायची, हे घरच्यांना परिचारिकांनी शिकवावे.

या मागण्यांवर एका महिन्यात, कर्करोगतज्ज्ञांसह, आम्हाला चर्चेला बोलवावे.

आपले,
रुग्ण व नातेवाईक संघटनेचे पदाधिकारी