झेंड्याचा मान आणि माणसाचा आवाज



२५ ऑगस्ट २०२५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी राष्ट्रध्वज जाळणाऱ्यांविरुद्ध एक आदेश काढला. ध्वज जाळाल तर एक वर्ष तुरुंगात जाल, असं त्यांनी सही करताना सांगितलं. आदेशाच्या मजकुरात मात्र अशी शिक्षा नाही. निषेध म्हणून ध्वज जाळणं हा अभिव्यक्तीचा भाग आहे, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच दिलेला असल्यामुळे आदेशाला आडवाटेने जावं लागलं. आग लावणं, मालमत्तेचं नुकसान, चिथावणी अशा दुसऱ्या कायद्यांखाली खटले भरा आणि परदेशी नागरिक असेल तर त्याचा व्हिसा काढून घ्या, असं त्यात म्हटलं आहे.

‘हे अमेरिकेचं झालं, आपल्या वस्तीतल्या बाईला त्याचं काय?’ असं कोणी विचारेल. हुंडा, मारहाण, रेशन, पाणी, पोटगी हे प्रश्न समोर असताना झेंड्यावर संपादकीय कशाला? पण मोर्चा काढणाऱ्या, पुतळा जाळणाऱ्या, पोलीस ठाण्यासमोर बसणाऱ्या बायकांना ‘कुठवर बोलायचं’ हा प्रश्न रोज पडतो. त्याचं उत्तर आपण शोधलं नाही, तर दुसरं कोणीतरी आपल्या वतीने देतं.

आधी तो खटला पाहू. १९८४ साली डॅलस शहरात रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनावर निदर्शनं झाली. ग्रेगरी ली जॉन्सन या कार्यकर्त्याने तिथे ध्वज जाळला. कोणाला इजा झाली नाही. टेक्सास राज्याच्या कायद्यानुसार त्याला एक वर्षाची कैद आणि २,००० डॉलर दंड झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २१ जून १९८९ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी त्याच्या बाजूने निकाल लागला. बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती ब्रेनन यांचा मुद्दा असा की, एखादं मत समाजाला संतापजनक वाटतं एवढ्यावरून सरकारला ते बंद करता येत नाही. तेव्हा त्या न्यायालयात सँड्रा डे ओकॉनर या एकच स्त्री न्यायाधीश होत्या. त्यांचं मत या निकालाच्या विरोधात होतं. स्त्री असली की अमुकच भूमिका घेईल, असं समजण्याचं कारण नाही.

अमेरिकी संसदेने लगेच नवा कायदा केला, तो १९९० साली याच न्यायालयाने रद्द केला. मग घटनादुरुस्तीचे प्रयत्न झाले. २००६ साली सिनेटमध्ये ६७ मतं हवी होती, ६६ पडली. एका मताने तो प्रयत्न हुकला.

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. जीर्ण झालेला ध्वज कसा नष्ट करावा, याचे नियम अमेरिकेत आहेत तसे आपल्याकडेही आहेत. दोन्हीकडचे नियम सांगतात की शक्यतो तो सन्मानाने जाळावा. म्हणजे कापडाला आग लावणं हा मुळात गुन्हा नाही. तेच कापड, तीच काडी. आदराने लावली तर कर्तव्य आणि रागाने लावली तर गुन्हा. याचा अर्थ शिक्षा होते ती रागाला, म्हणजे मताला.

स्त्रियांच्या लढ्यांना ही आग परकी नाही. मताधिकारासाठी लढणाऱ्या अमेरिकन स्त्रियांनी सप्टेंबर १९१८ मध्ये व्हाइट हाउससमोरच्या लाफायेट चौकात राष्ट्राध्यक्ष विल्सन यांची वचनं जाळली. १९१९ च्या जानेवारीपासून त्यांनी तिथे शेकोट्या पेटवून त्यात विल्सन यांची लोकशाहीवरची भाषणं टाकली आणि फेब्रुवारीत त्यांचा पुतळा जाळला. त्यासाठी त्या तुरुंगात गेल्या. १९२० साली मताधिकाराची घटनादुरुस्ती झाली. आपल्याकडे २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचं दहन झालं. तो दिवस आपले अनेक गट भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळतात. त्या दिवशीही असंख्य लोकांच्या भावना दुखावल्या होत्या. भावना दुखावणं एवढाच गुन्ह्याचा निकष धरला, तर महाड आधी गुन्हा ठरतं.

आणि आपल्या तिरंग्याला मान आला कुठून? १९२३ साली जबलपूर आणि नागपूरला झेंडा सत्याग्रह झाला, तेव्हा झेंडा घेऊन निघणं हाच गुन्हा होता. २९ सप्टेंबर १९४२ रोजी बंगालमध्ये तमलुकला मातंगिनी हाजरा ही सत्तरी ओलांडलेली विधवा हातात झेंडा घेऊन पोलिसांच्या गोळ्यांना सामोरी गेली. हुकूम मोडणाऱ्या माणसांनी त्या झेंड्याला किंमत दिली आहे. त्याच्या नावाने माणसांची तोंडं बंद होऊ लागली, तर त्या माणसांचा विसर पडला असं म्हणावं लागेल.

आपला कायदा काय म्हणतो? राष्ट्रप्रतिष्ठेचा अपमान रोखणारा कायदा १९७१ चा आहे. सार्वजनिक ठिकाणी राष्ट्रध्वज किंवा राज्यघटना जाळली, तुडवली, शब्दाने वा कृतीने तिचा अवमान केला तर तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. याच नावाचा एक कायदा त्याआधी, १९५७ साली, मद्रास राज्यात झाला होता. जातिव्यवस्थेला घटनेत संरक्षण मिळतं असा आक्षेप घेऊन पेरियार यांच्या हजारो अनुयायांनी २६ नोव्हेंबर १९५७ रोजी घटनेच्या प्रती जाळल्या, त्या वेळची ही गोष्ट. या कायद्याचा उगम जातीविरुद्धच्या निषेधाला आवर घालण्यात आहे, हे विसरू नये.

१९७१ च्या कायद्यात एक चांगलं स्पष्टीकरण आहे. सनदशीर मार्गाने बदल व्हावा म्हणून घटनेवर, ध्वजावर किंवा सरकारच्या धोरणावर टीका करणं हा गुन्हा नाही, असं त्यात लिहिलं आहे. ते प्रत्येक कार्यकर्तीला ठाऊक हवं. तसाच १९८६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकालही. केरळमधल्या दोन बहिणी आणि एक भाऊ राष्ट्रगीताला आदराने उभे राहत, पण आपल्या धर्मश्रद्धेमुळे गात नसत. शाळेने त्यांना काढून टाकलं. न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. गप्प उभं राहण्याचा हक्क त्या मुलांनी आपल्या सगळ्यांसाठी मिळवला.

आता शिक्षेचा आकडा पाहा. ध्वज जाळला तर जास्तीत जास्त तीन वर्षं. बायकोला नवऱ्याने किंवा सासरच्यांनी छळलं तर जुन्या ४९८ अ प्रमाणे, आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ प्रमाणेही, जास्तीत जास्त तीन वर्षंच. कापडाची आणि बाईची प्रतिष्ठा कायद्याने एकाच मापाने मोजली आहे. पोलीस ठाण्यात कोणती तक्रार लवकर लिहून घेतली जाते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

इथे एक अवघड प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून चालणार नाही. बंदी मागणाऱ्यांत आपणही होतो. जाहिरातींतल्या स्त्रीदेहाच्या बाजाराविरुद्ध आपण बोललो, १९८६ साली स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्ध कायदा झाला. १९८७ साली देवरालाला रूप कंवर जळाली तेव्हा स्त्री संघटना रस्त्यावर आल्या आणि सतीचं उदात्तीकरण हा गुन्हा ठरला. मग झेंड्याच्या बाबतीत आपण स्वातंत्र्याची भाषा कोणत्या तोंडाने करायची?

फरक कुठे करायचा, तर इजा कोणाला होते तिथे. देवरालाच्या उदात्तीकरणाने पुढच्या विधवेच्या जिवाला धोका होता. झेंडा जळाल्याने कोणत्या जिवंत माणसाला इजा होते? अमेरिकेतल्याच दुसऱ्या एका खटल्याने हा फरक नीट दाखवला आहे. तिथे गोऱ्या वर्चस्ववाद्यांनी काळ्या लोकांना दहशत बसवण्यासाठी क्रूस पेटवण्याची जुनी रीत आहे. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की धमकावण्याच्या हेतूने क्रूस पेटवण्यावर राज्य बंदी घालू शकतं, पण क्रूस पेटवला म्हणजे धमकीचा हेतू होताच असं धरून चालता येणार नाही, तो सिद्ध व्हायला हवा. प्रमुख मत लिहिलं होतं त्याच न्यायमूर्ती ओकॉनर यांनी. शेजाऱ्याच्या अंगणात पेटवलेली आग ‘तुला जगू देणार नाही’ असं सांगते. निदर्शनात पेटवलेला झेंडा ‘तुमचं राज्य मला मान्य नाही’ असं सांगतो.

ही कसोटी आपल्यालाच जाचेल अशा ठिकाणी लावून पाहू. ९ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्लीत संसदेजवळ काही जणांनी राज्यघटनेची प्रत जाळली आणि बाबासाहेबांच्या व आरक्षणाच्या विरोधात घोषणा दिल्या. आपल्या सगळ्यांचं रक्त उसळलं. घटना हाच आपल्या लढ्याचा आधार आहे. तरीही आमचं मत असं की, दलितांना धमकावणाऱ्या आणि हिणवणाऱ्या घोषणांसाठी अ‍ॅट्रॉसिटी कायद्याने कारवाई व्हायलाच हवी. केवळ छापील प्रत जाळली म्हणून तुरुंग नको. स्वतः बाबासाहेब १९५३ साली राज्यसभेत संतापून म्हणाले होते की ही घटना जाळायला मी पहिला पुढे येईन. घटनेचं खरं रक्षण तिच्यातले हक्क वापरण्याने होतं.

बंदीचे कायदे आपल्याला कितपत उपयोगी पडले, हेही प्रामाणिकपणे पाहू. सतीच्या उदात्तीकरणाच्या खटल्यात ऑक्टोबर २०२४ मध्ये जयपूरच्या विशेष न्यायालयाने आठ आरोपींना निर्दोष सोडलं. सदतीस वर्षांनी. आणि भावना दुखावल्याचं हत्यार कोणाच्या हाती लागतं? डिसेंबर १९९८ मध्ये ‘फायर’ चित्रपटाविरुद्ध मुंबईत थिएटरांची मोडतोड झाली, तेव्हा दोन स्त्रियांच्या प्रेमाने संस्कृतीचा अपमान झाला असं सांगितलं गेलं. मोडतोड करणाऱ्यांत बायकाही होत्या.

अब्रू हा शब्द बायकांना चांगला ओळखीचा आहे. घराची अब्रू, जातीची अब्रू, देशाची अब्रू. ती जिच्या डोक्यावर ठेवतात तिलाच आधी गप्प बसवतात. ‘घरातलं बाहेर बोलू नकोस’ आणि ‘देशाची बदनामी करू नकोस’ ही एकाच घरातली वाक्यं आहेत. म्हणून झेंड्याच्या अब्रूसाठी कडक कायदा हवा, या मागणीला आपण सहज मान हलवू नये.

झेंडा जाळा असं आम्ही सांगत नाही. आपल्या वस्तीतल्या बहुतेक बायकांना तो प्रिय आहे, आम्हालाही आहे. निदर्शनाचा मार्ग निवडताना लोक आपल्याजवळ येतील की दूर जातील याचा विचार करायलाच हवा. पण तो विचार चळवळीने करायचा, फौजदाराने नाही. आमची भूमिका थोडक्यात अशी: प्रतीकाच्या अपमानासाठी कोणालाही कैद नको, माणसाला दिलेल्या धमकीची दखल तातडीने हवी. बोलणाऱ्या बाईला फोनवर बलात्काराच्या धमक्या येतात, तेव्हा तक्रारीत ‘अश्लील’, ‘असभ्य’ एवढंच लिहू नका. कोणी, कोणाला, कोणती धमकी दिली ते लिहा आणि धमकीचं कलम लावायला सांगा.

आपल्यातल्या काहींना हे पटणार नाही. गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. घटनेची प्रत जाळण्याबद्दलचं आमचं मत चुकीचं वाटलं तर तसं सविस्तर लिहा. विरोधी पत्रंही आम्ही पुढच्या अंकात छापू.

संपादक मंडळासाठी