गोदाम भरलेले, हातगाड्या मात्र कमी

गिरगावातील जुन्या इमारतीचे तीन जिने चढताना सूनबाई मध्येच कठड्याला धरून थांबतात. कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर कपाटातून निघतो, बोटाला लागतो, आकडा येतो ९८. घरातील सर्वांचा जीव भांड्यात पडतो. हा दिलासा फसवा असू शकतो.

फुप्फुसांत आलेला प्राणवायू शरीराच्या पेशींपर्यंत पोहोचवते ते रक्तातील हिमोग्लोबिन. व्यापारी घराच्या भाषेत सांगायचे, तर गोदामात माल भरपूर असला तरी तो दुकानापर्यंत नेणाऱ्या हातगाड्या निम्म्याच असतील तर गिऱ्हाईक रिकाम्या हातानेच परतणार. ऑक्सिमीटर हातगाडी किती भरली आहे ते पाहतो; हातगाड्या मोजत नाही. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर प्राणवायू वाहते. हिमोग्लोबिन १४ असेल तर १०० मिलिलिटर रक्तातून सुमारे १८ मिलिलिटर प्राणवायू जातो, ७ असेल तर जेमतेम ९. बोटावरचा आकडा मात्र दोघींचाही ९८. तूट भरून काढण्यासाठी हृदय धावू लागते. धडधड आणि दम ही त्याचीच चिन्हे.

पेशींची उपासमार इतर वाटांनीही होते. उंच पर्वतावर हवाच विरळ असते, अरुंद झालेल्या रक्तवाहिनीत प्रवाह मंदावतो. बंद न्हाणीघरातील गॅस गिझरचा कार्बन मोनॉक्साइड तर हिमोग्लोबिनलाच अडवून बसतो, आणि तेथेही ऑक्सिमीटर फसतो. परंतु आपल्याकडे सर्वांत नित्याची वाट पांडुरोगाचीच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयाच्या आढळल्या.

या विषयाचा एक महत्त्वाचा धागा परळलाच सापडला. १९२८ मध्ये लूसी विल्स या इंग्रज महिला डॉक्टर मुंबईत आल्या आणि हाफकिन संस्थेतून गिरणी कामगार स्त्रियांच्या गरोदरपणातील तीव्र पांडुरोगाचा शोध घेऊ लागल्या. या स्त्रियांच्या आहारात फळे व भाज्या फारच कमी होत्या. यीस्टच्या अर्काने हा रोग बरा होतो, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. (त्यासाठी माकडांवर प्रयोग झाले होते, ही गोष्ट अहिंसक मनाला खुपणारी आहे, पण ती लपवून काय उपयोग?) त्या अर्कातील गुणकारी घटक म्हणजे फोलेट. १९४१ मध्ये तो पालकाच्या पानांतून वेगळा काढण्यात आला, आणि ‘पान’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरूनच त्याचे नाव पडले.

चातुर्मासात आणि तिथींना पालेभाजी वर्ज्य असते, आयंबिलात तर हिरवे काहीच नसते. तपश्चर्येत बाधा न आणता ही उणीव भरता येते: मूग, हरभरा आणि इतर कडधान्यांत फोलेट भरपूर असते. ती फार वेळ शिजवू नयेत, आणि उकळलेले पाणी फेकू नये, कारण फोलेट त्यातच उतरते. लोहासाठी जेवणाबरोबर लिंबू घ्यावे. चहा मात्र जेवणानंतर तासाभराने. बी-१२ चा आधार दूध-दही. तेही सुटले असेल तर वैद्यकीय सल्ल्याने गोळी.

अठ्ठाईसारखे दीर्घ तप घेण्यापूर्वी हिमोग्लोबिनची तपासणी करून घेणे शहाणपणाचे. ते कमी निघाले तर स्वतःहून लोहाच्या गोळ्या सुरू करू नयेत. विशेषतः वयस्क पुरुषांत त्यामागे पोटातील व्रण किंवा आतड्यातील रक्तस्राव दडलेला असू शकतो, आणि तो आधी शोधावा लागतो.