ऑपरेशन आज, घरीही आजच?

हर्नियाचे ऑपरेशन ठरले की घरात पहिला प्रश्न निघतो, ‘किती दिवस ठेवतील?’ दुर्बिणीतून ऑपरेशन करून संध्याकाळीच घरी सोडणार, असे डॉक्टरांनी सांगितले तर हायसे वाटण्याऐवजी अनेकांना धास्तीच वाटते. इतक्या लवकर सोडणे म्हणजे हलगर्जीपणा नाही ना, ही शंका स्वाभाविक आहे. तिचे उत्तर शोधायचे, तर रुग्णालयातल्या त्या एका रात्रीतून काय साधते, हे पाहायला हवे.

जांघेतील हर्निया म्हणजे पोटाच्या स्नायूंतील कमकुवत जागेतून आतडे किंवा चरबी बाहेर डोकावणे. आयुष्यात कधी ना कधी तो होण्याची शक्यता पुरुषांमध्ये सुमारे २७ टक्के, तर स्त्रियांमध्ये ३ टक्के असते. दुर्बिणीच्या पद्धतीत साधारण तीन छोट्या छिद्रांतून आतल्या बाजूने जाळी बसवली जाते. त्यासाठी बहुतेक वेळा पूर्ण भूल द्यावी लागते; पण जखम लहान असल्याने रुग्ण काही तासांत चालू-फिरू लागतो.

त्याच दिवशी घरी पाठवण्याची कल्पना जुनीच आहे. ग्लासगोचे शल्यविशारद जेम्स निकोल यांनी १९०९ मध्ये बाह्यरुग्ण विभागात मुलांवर केलेल्या ८,९८८ शस्त्रक्रियांचा वृत्तांत मांडला होता. त्यांत हर्नियाचे रुग्णही होते. मात्र मुलांना नुसते घरी धाडून ते थांबले नाहीत. परिचारिका घरी जाऊन त्यांची पाहणी करीत. जांघेतील हर्नियाविषयीच्या २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही बहुसंख्य रुग्णांसाठी ‘डे केअर’ची शिफारस करतात, पण घरी गेल्यानंतरच्या देखभालीची सोय असेल तरच.

यामागचे कारण सोपे आहे. मळमळ, रक्तस्राव, लघवी अडणे यांसारखे त्रास बहुधा पहिल्या काही तासांत दिसतात. घरी सोडण्याआधी ते तपासता येतात. जखमेत पू होणे किंवा पाणी साचणे हे काही दिवसांनी होते. तोवर एक रात्र राहिलेला रुग्णही घरी पोहोचलेला असतो. मग त्या रात्रीने काय मिळते? बहुतेकांना मनाची शांती आणि वाढीव बिल. सरकारी रुग्णालयात तर तीच खाट प्रतीक्षेतल्या दुसऱ्या रुग्णाच्या कामी येऊ शकते.

तरीही सर्वांना एकच नियम लावता येत नाही. हृदय किंवा फुप्फुसांचा आटोक्यात नसलेला आजार, रक्त पातळ करणारी औषधे, फार मोठा हर्निया, प्रोस्टेटमुळे लघवीचा त्रास असेल, तर मुक्काम शहाणपणाचा ठरू शकतो. हर्निया अडकून आतडे दाबले गेले असेल, तर ती तातडीची शस्त्रक्रिया. तिथे डे केअरचा प्रश्नच येत नाही. घरी एकटे राहणाऱ्याने किंवा रात्री वाहन मिळत नाही अशा पाड्यावरच्या माणसानेही रुग्णालयातच थांबावे. पूर्ण भुलीनंतर पहिले २४ तास जबाबदार प्रौढ व्यक्ती सोबत हवीच.

आपल्याकडे मात्र हा निर्णय बरेचदा वेगळ्याच हिशेबाने होतो. ‘२४ तास दाखल झाल्याशिवाय विमा मिळत नाही’ हा समज अजून पक्का आहे. प्रत्यक्षात २४ तासांपेक्षा कमी वेळात होणारे डे केअर उपचार आरोग्य विम्यात स्वतंत्रपणे धरले जातात. आपल्या पॉलिसीतील अटी आधी वाचून घ्याव्यात. केवळ दाव्यासाठी खाट अडवणे जितके चूक, तितकेच खाट लवकर रिकामी व्हावी म्हणून रुग्णाला घाईने बाहेर काढणेही चूक.

रुग्णाने घर सोडण्यापूर्वीच काही गोष्टी मागून घ्याव्यात. वेदनाशामक गोळ्या कधी घ्यायच्या, हे मराठीत लिहिलेला कागद. पोट फुगणे, सतत उलट्या, ताप, वाढती वेदना, लघवी न होणे यांपैकी काही झाले तर रात्रीही उचलला जाईल असा फोन क्रमांक. आणि दुसऱ्या दिवशी रुग्णालयाकडून विचारपूस. आतड्याला इजा झाली असेल, तर तिची लक्षणे क्वचित एक-दोन दिवसांनीही दिसतात. तेव्हा हा फोनच रुग्णाचा आधार असतो.

एवढी व्यवस्था नसेल, तर ‘संध्याकाळी घरी जा’ हे आधुनिक वैद्यक नव्हे. रुग्णालयाने आपली जबाबदारी नातेवाइकांवर ढकलणे होय.