कपाटातलं पिस्तूल आणि आपली जयणा



आजचा विषय खाखऱ्याचा नाही, पर्युषणातल्या पारण्याचा नाही. आज पिस्तुलाबद्दल लिहायचं आहे. दचकू नका. आपल्यात सराफ आहेत, धान्याचे व्यापारी आहेत, पेट्रोल पंपवाले आहेत. यातल्या काही घरांत परवान्याचं पिस्तूल असतं, हे आपल्याला माहीत असतं. फक्त आपण त्याबद्दल बोलत नाही. "ते पुरुषांचं आहे" म्हणायचं आणि कपाटाचं दार लावून घ्यायचं. मीही बावीस वर्षं हेच केलं.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत ते दार उघडलं.

नागोठण्यात अंबा नदीकाठी राहणाऱ्यांना एक सवय असते. जुलै १९८९ चा महापूर ज्यांनी पाहिला, ते किमती वस्तू खालच्या कप्प्यात ठेवत नाहीत. आमच्याकडेही वह्या, दस्तऐवज, चांदीची भांडी सगळं वरच्या कप्प्यात. मी स्टुलावर चढून एकेक वस्तू खाली देत होते. खाली जाऊबाईंचा सात वर्षांचा मुलगा पणत्या मोजत बसला होता. एक जड गाठोडं हाताला लागलं. जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं, आत चामड्याचं कव्हर, त्यावर पावसाळ्याची पांढरी बुरशी. मी ते तसंच उचललं आणि खाली उतरले. नळीचं तोंड कुठे आहे, याचा विचारही मनात आला नाही.

ते बाऊजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं पिस्तूल. पेढीचा माल घेऊन झवेरी बाजारातून एस.टी.ने येण्याचे दिवस होते, तेव्हा त्यांनी परवाना काढला होता. बाऊजी आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, हात थोडे थरथरतात. ते म्हणाले, "घाबरू नकोस, मॅगझिन मी कधीच काढून ठेवलंय. रिकामंच आहे ते." मुलाला बाहेर पाठवलं. बाऊजींनी तोंड भिंतीकडे करून वरचा भाग, ज्याला स्लाइड म्हणतात, तो मागे ओढला. एक काडतूस टुणकन गादीवर पडलं.

कोणी काही बोललं नाही. बाऊजी पलंगावर बसले आणि बराच वेळ त्या काडतुसाकडे बघत राहिले.

मला त्या दिवशी एक गोष्ट कळली, जी प्रत्येक घरातल्या बाईला कळायला हवी. अशा पिस्तुलात मॅगझिन काढलं म्हणजे ते रिकामं झालं, असं नसतं. मॅगझिनमधली पहिली गोळी आधीच वर नळीच्या मागच्या खोबणीत, चेंबरमध्ये, जाऊन बसलेली असते. मॅगझिन निघतं, ती तिथेच राहते. बऱ्याच पिस्तुलांत मॅगझिन नसतानाही चाप ओढला की ती सुटते. काही जुन्या बनावटीच्या शस्त्रांत तर उंचावरून पडल्यानेही सुटू शकते.

हे काही फक्त विसरभोळ्या म्हाताऱ्यांच्या घरात घडत नाही. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेता गोविंदा मुंबईत जुहूच्या घरी कोलकात्याला निघायची तयारी करत होते. त्यांचं स्वतःचं परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना हातातून निसटलं, गोळी सुटली आणि डाव्या पायात गुडघ्याखाली शिरली. शस्त्रक्रिया करून गोळी काढावी लागली. ना चोर आला होता, ना दरोडेखोर. एक माणूस घरातून निघायच्या आधी वस्तू जागेवर ठेवत होता, एवढंच.

वस्तू जागेवर ठेवणं! मैत्रिणींनो, आपल्याकडे याला नाव आहे. साधू-साध्वींच्या पाच समितींमधली चौथी, आदान-निक्षेपण समिती. वस्तू उचलताना आणि ठेवताना पाहायचं, पुंजायचं, मग उचलायचं, मग ठेवायचं. आपण श्राविका ती जमेल तेवढी घरात पाळतो. शेगडी पेटवायच्या आधी बर्नरवरून पुंजणी फिरवतो. पाणी गाळून घेतो. धान्य निवडताना अळी दिसली तर अलगद बाजूला ठेवतो. एका मुंगीसाठी एवढी जयणा, आणि ज्या वस्तूचं कामच प्राण घेणं आहे, ती दोन वर्षं बुरशी लागून कपाटात पडलेली. तिच्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. ही कसली अहिंसा?

माझं म्हणणं कोणाला कडू लागेल, पण स्पष्ट लिहिते. शस्त्राकडे न बघणं म्हणजे अहिंसा नव्हे. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसा म्हणजे काय ते सांगताना प्रमादाला आधी जागा दिली आहे. बेसावधपणाने प्राण गेला, तर ती हिंसाच. माझ्या हातून त्या दिवशी काही झालं असतं तर "मला माहीत नव्हतं" हे उत्तर त्या मुलाच्या आईला देता आलं नसतं, आणि प्रतिक्रमणातही देता आलं नसतं.

मग घरात पिस्तूल असेल तर करायचं काय? पहिली गोष्ट, घरातल्या पुरुषांना तीन प्रश्न विचारा. ते कुठे आहे? त्याची किल्ली कोणाकडे आहे? ते शेवटचं कधी उघडून साफ केलं? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर आलं नाही, तर समजा की पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरंही कच्चीच आहेत.

दुसरी गोष्ट, ते साफ करणं आपलं काम नाही. दिवाळीला आपण पंखे पुसतो, देव्हारा पुसतो, म्हणून हेही पुसून ठेवू, असं अजिबात करू नका. परवाना व्यक्तीच्या नावावर असतो, कुटुंबाच्या नाही. ज्याच्या नावावर आहे त्यानेच ते हाताळायचं. पण ते काम नीट होतंय ना, हे बघणं आपलं काम आहे. त्यासाठी काय बघायचं ते माहीत हवं. मला बाऊजींनी आणि त्या पिस्तुलासोबत आलेल्या माहितीपुस्तकाने जे शिकवलं, ते सांगते.

साफसफाईला बसायच्या आधी मुलं घराबाहेर. टीव्ही बंद, फोन बाजूला. बोट चापावर नाही, आणि नळीचं तोंड कायम अशा बाजूला जिथे कोणी नाही. पातळ भिंतीपलीकडे स्वयंपाकघर असेल तर ती भिंत चालणार नाही. आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड मागे ओढून अडकवायची. हा क्रम उलटा करायचा नाही. मॅगझिन आत असताना स्लाइड ओढली तर एक गोळी बाहेर पडते आणि सोडल्यावर दुसरी तिच्या जागी जाऊन बसते. बघणाऱ्याला वाटतं रिकामं झालं, आणि ते पुन्हा भरलेलं असतं. स्लाइड मागे अडकली की चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं आणि करंगळी घालून चाचपायचं. मग दुसऱ्या माणसाने बघायचं. आमच्याकडे ते दुसरे डोळे आता माझे होते.

सगळी काडतुसं दुसऱ्या खोलीत न्यायची. ज्या टेबलावर पिस्तूल उघडलं, त्यावर एकही काडतूस नको. काही पिस्तुलांत भाग सुटे करण्याआधी चाप दाबावा लागतो. चेंबर रिकामं आहे असं समजून तो दाबला, आणि अपघात झाला, असं होतं. म्हणून हे बघणं एकदा नाही, दोनदा. पुस्तकात दाखवलंय तेवढेच भाग सुटे करायचे, त्याच्या पुढे स्क्रू-ड्रायव्हर लावायचा नाही.

नळीतून ब्रश फिरवायचा, शक्य असेल तर मागून पुढे. मग सुती फडक्याचे छोटे तुकडे, ते स्वच्छ निघेपर्यंत. शेवटी बंदुकीसाठीच मिळणाऱ्या पातळ तेलाचा अगदी हलका हात आणि जास्तीचं तेल पुसून टाकायचं. बाऊजी पूर्वी खोबरेल लावायचे. ते घट्ट होतं, चिकट थर धरतं, त्यात धूळ बसते आणि आतले भाग अडकतात. काडतुसांना मात्र तेल मुळीच लागू द्यायचं नाही, आतली दारू खराब होते.

हे काम जेवणाच्या टेबलावर नको, स्वयंपाकघरात तर नकोच. नळीतून निघणाऱ्या काजळीत शिसं असतं. साफ करायच्या द्रवाला वास असतो आणि तो पेटही घेतो, म्हणून खिडक्या उघड्या आणि दिवा-अगरबत्ती दूर. वापरलेली फडकी पुन्हा घरकामात आणायची नाहीत. हात साबणाने धुतल्याशिवाय कोणी पाण्याच्या माठाला शिवायचं नाही. घरात गरोदर सून असेल तर तिने त्या खोलीत थांबूच नये.

आणि ठेवणं. आपल्या कोकणच्या हवेत जूनपासून लोखंड टिकत नाही. चामडं ओल धरतं, त्यामुळे चामड्याच्या कव्हरात ठेवलेलं पिस्तूल गंजतं. तसंही आपल्या घरात चामडं कशाला हवं? कोरड्या सुती कापडात, ओल शोषणाऱ्या पुड्यांसोबत, भिंतीला पक्क्या केलेल्या लोखंडी पेटीत कुलपात ठेवायचं. काडतुसं वेगळ्या कुलपात. पावसाळ्यात महिन्यातून एकदा बघायचं. गंज खोलवर गेला असेल, लॉक नीट बसत नसेल, तर घरी खटपट नको. परवाना असलेल्या दुरुस्तीवाल्याकडेच न्यायचं. २०१६ च्या शस्त्र नियमांत नवा परवाना मागणाऱ्याला सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण आणि घरातल्या सुरक्षित साठवणुकीची हमी या अटी आहेत. जुन्या परवानेवाल्यांनीही त्या स्वतःहून पाळाव्यात, असं मला वाटतं.

आता मुळातला प्रश्न. एवढं सगळं करण्यापेक्षा ते घरात हवंच कशाला?

इथे मी पुरुषांची बाजू हसण्यावारी नेणार नाही. पेढीवर बसणाऱ्याची भीती खोटी नसते. आपल्या शास्त्रानेही गृहस्थाची विरोधी हिंसा आणि संकल्पी हिंसा वेगळी धरली आहे. वस्तुपाल-तेजपालांनी देलवाड्याला मंदिर बांधलं आणि राज्याच्या रक्षणाचं कामही केलं. भामाशाह महाराणा प्रतापांच्या बाजूने उभे राहिले. त्यामुळे "जैन आणि शस्त्र? छे!" असं म्हणून हा विषय संपत नाही.

पण प्रत्येक निवडणुकीत काय होतं ते आठवा. आचारसंहिता लागली की अनेक परवानाधारकांची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा होतात आणि निकालानंतर परत मिळतात. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा एकाच वर्षी झाल्या. त्या काळात ज्यांची शस्त्रं जमा होती, त्यांच्या पेढ्या बंद पडल्या का? माल तर आता विम्याने आणि कुरिअरने येतो. दुकानात कॅमेरे आहेत, तिजोरीला अलार्म आहे. एस.टी.तून पिशवी घेऊन येणारे बाऊजी आता कुठे आहेत? गरज संपली आणि वस्तू राहून गेली, असं तर नाही ना? गरजेशिवाय पाप लागतं, त्याला आपण अनर्थदंड म्हणतो. वंदित्तूमध्ये आठव्या व्रताच्या ठिकाणी आपण दर प्रतिक्रमणात शस्त्र, अग्नी, मुसळ यांची आठवण करतोच. तोंडाने म्हणतो, तेवढ्यात कपाटाकडेही एकदा बघावं.

आणखी एक गोष्ट बायकांनी लक्षात ठेवावी. परवानाधारक गेला की ते शस्त्र घरात ठेवणं कायदेशीर राहत नाही. विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. सुतकात, रडारडीत हे कोणाला सुचणार? मागे राहिलेल्या बाईवरच ते ओझं येतं. ती वेळ यायच्या आधीच निर्णय झालेला बरा.

आमच्या घरात तो झाला, आणि मी भांडून नाही. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी बाऊजी स्वतःच म्हणाले, "माझ्या हातांवर आता माझा भरवसा नाही." मुलाने विकायचं सुचवलं, चांगली किंमत येईल म्हणाला. बाऊजींनी मान हलवली. "आपल्या हातून दुसऱ्याच्या हातात नको." शस्त्र देणं आणि देववणं, दोन्हींची आलोचना आपण करतो, हे त्यांना कोणी सांगावं लागलं नाही. अलिबागला अर्ज केला, पिस्तूल ठाण्यात जमा झालं, पावती आली. ती पावती मी त्याच वरच्या कप्प्यात ठेवली आहे.

तुमच्या घरी निर्णय वेगळा होईल. धंदा वेगळा असेल, रस्ता एकाकी असेल. तो तुमचा प्रश्न. पण ठेवायचंच असेल तर डोळे उघडे ठेवून, कुलपात, साफ आणि रिकामं ठेवा. हे तीन प्रश्न या रविवारीच विचारा. पुढच्या दिवाळीची वाट बघू नका.

जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिलं गेलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.